शून्याचा मानकरी

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आमचे तिसरीतले चिरंजीव शाळेतून आले ते दप्तर कोपऱ्यात टाकून थेट आजीच्या खोलीत. एरवी दारातूनच 'आई, खायला काय?' असा पुकारा असतो. त्या दिवशी मात्र चिडीचूप. काहीतरी बिनसलंय हे ओळखून मी दप्तर उघडलं. शुद्धलेखनाच्या वहीत दहा शब्द, दहाही शब्दांवर लाल फुल्या आणि खाली बाईंनी काढलेलं भलंमोठं शून्य!

सासूबाई नातवाची वकिली करायला तयारच होत्या. "अरे, शून्याला एवढं काय घाबरायचं? एकापुढे मांडलं की त्याचे दहा होतात."

"पण आजी, माझ्या शून्याच्या आधी एक नाहीच ना गं!" चिरंजीव रडवेल्या सुरात म्हणाले.

हसू दाबत मी वही मिटली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्याला जवळ घेऊन एक गोष्ट सांगितली. शून्य मिळवलं म्हणून ज्याला सोन्याचं पदक मिळालं, अशा एका मुलाची. ती ऐकताना त्याचे डोळे जे विस्फारले, ते पाहून वाटलं की ही गोष्ट आपल्या वाचकांनाही सांगायलाच हवी.

तारीख २० मार्च २०१०. कॅनडातलं व्हँकुव्हर शहर. तिथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या थंडरबर्ड नावाच्या क्रीडागृहात हिवाळी पॅरालिम्पिकचा हॉकीचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला जपान. अमेरिकेच्या गोलजाळीसमोर वीस वर्षांचा एक तरुण बसला होता. हो, बसला होता, उभा नव्हता. त्याला उजवा पाय नव्हता. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा फलकावर आकडे होते २ विरुद्ध ०. पण खरा नवलाचा आकडा त्या एका सामन्याचा नव्हताच. संपूर्ण स्पर्धेतल्या पाच सामन्यांत मिळून त्या तरुणाच्या जाळीत गेलेल्या गोलांची संख्या होती शून्य.

त्याचं नाव स्टीव्ह कॅश.

बसून खेळायची हॉकी

स्टीव्हची गोष्ट कळायची तर आधी हा खेळ समजून घ्यायला हवा. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. थंड देशांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की तिथली तरुण मुलं-मुली हाच खेळ खेळतात. यात चेंडू नसतो. रबराची एक जाड चकती असते, तिला पक म्हणतात. व्यास साडेसात सेंटिमीटरांच्या आसपास, वजन १७० ग्रॅमपर्यंत. पायांत लोखंडी पात्यांचे बूट घालून बर्फावरून सुसाट घसरत जायचं आणि काठीनं ती चकती जाळीत धाडायची.

पण ज्यांना पायच नाहीत किंवा असून चालवत नाहीत, त्यांनी काय करायचं? कडेला बसून टाळ्या वाजवायच्या?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका पुनर्वसन केंद्रातल्या काही तरुणांना हे मान्य नव्हतं. त्यांना हॉकीचं वेड होतं आणि अपंगत्व आलं म्हणून ते वेड सोडायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी लोखंडी सांगाड्याची एक छोटी घसरगाडी बनवली आणि तिच्या खाली बुटांची दोन पाती बसवली. वर बसायचं, दोन्ही हातांत दोन छोट्या काठ्या घ्यायच्या, त्यांनी बर्फ रेटत पुढे जायचं आणि त्याच काठ्यांनी चकती मारायची. झाला खेळ तयार!

१९७६ साली स्वीडनमध्येच पहिलं हिवाळी पॅरालिम्पिक भरलं, तेव्हा या हॉकीचा प्रदर्शनी सामना झाला. पदकांचा खेळ म्हणून तिला मान मिळाला तो १९९४ साली, नॉर्वेतल्या लिलहॅमरमध्ये. पहिलं सुवर्ण, योग्यच म्हणायचं, स्वीडनलाच मिळालं. तेव्हा या खेळाला आइस स्लेज हॉकी म्हणत. २०१६ पासून त्याचं अधिकृत नाव झालं पॅरा आइस हॉकी.

आज खेळाडूंच्या हातातली काठी जास्तीत जास्त एक मीटर लांबीची असते. तिच्या एका टोकाला चकती मारायचं वाकडं पातं आणि दुसऱ्या टोकाला बर्फात रुतणारे लोखंडी दात. दातांनी ढकलायचं, क्षणात मनगट फिरवायचं आणि पात्यानं फटका मारायचा. एका वेळी एका संघाचे गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन डाव होतात. आणि हा काही नाजूक खेळ समजू नका बरं का! घसरगाड्या एकमेकींवर आदळतात, माणसं उलटीपालटी होतात आणि दुसऱ्याच मिनिटाला पुन्हा सरळ होऊन धावू लागतात. समोरच्याच्या अंगावर गाडीचं टोक मुद्दाम घातलं तर मात्र शिक्षा होते.

हात हेच पाय

आता गोलरक्षकाची कसोटी पाहा. जाळी १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. उभ्यानं खेळणाऱ्यांची जाळी असते तेवढीच. दिव्यांगांचा खेळ म्हणून एका बोटानंही लहान केलेली नाही. उभ्या गोलरक्षकाच्या छातीशी येणारी ही जाळी बसलेल्या माणसाला मात्र डोक्याइतकी उंच वाटते. वरचे दोन्ही कोपरे उघडे पडतात.

शिवाय उभा गोलरक्षक पायांनी सरकतो आणि हातांनी अडवतो. बसलेल्याला सरकायचं हातांनी आणि अडवायचंही हातांनीच! त्याच्या हातमोज्यालाही बर्फ पकडणारे दात लावलेले असतात. डावीकडून उजवीकडे जायला त्यानं हात बर्फावर टेकला आणि नेमका त्याच क्षणी फटका आला तर? म्हणून त्याला फटका येण्याआधीच तो कुठून येणार ते ताडावं लागतं. खेळाडूचा खांदा कुठे वळला, काठीचं पातं किती उघडलं, चकती कोणत्या हाताला आहे, हे सगळं डोळ्यांनी टिपत आधीच योग्य जागी पोचावं लागतं. चपळाई लागतेच, पण त्याहून जास्त लागतं ते लक्ष.

एवढी पूर्वपीठिका सांगितल्यावर आता स्टीव्हच्या घरी जाऊया.

तीन वर्षांचं पोर

स्टीव्हचा जन्म ९ मे १९८९ चा. गाव ओव्हरलँड. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट लुईस नावाचं मोठं शहर आहे, त्याचं हे उपनगर. चारचौघांसारखं घर, चारचौघांसारखं खेळतं मूल. आणि मग डॉक्टरांनी निदान केलं ऑस्टिओसार्कोमाचं, म्हणजे हाडाच्या कर्करोगाचं.

हा आजार बहुधा वाढत्या वयातल्या मुलांना, म्हणजे दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान गाठतो. इतक्या लहान मुलात तो विरळाच. गुडघ्याच्या आसपासचं हाड ही त्याची आवडती जागा. मांडीच्या हाडाची वाढ मुख्यतः गुडघ्याकडच्या टोकाला होते आणि जिथं वाढ भरभर, तिथंच हा रोग डोकं वर काढतो. हाडाचा रोगट भाग काढून पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. पण तीन वर्षांच्या मुलाचा पाय अजून कितीतरी वाढायचा असतो. वाढीची जागाच काढून टाकली तर उरलेला पाय मागे पडत जातो. आणि रोगाचा एवढासा अंश मागे राहिला, तर तो फुप्फुसांपर्यंत पोचून जीवच घेतो.

स्टीव्ह तीन वर्षांचा असताना त्याचा उजवा पाय कापावा लागला.

वाचकहो, तीन वर्षांचं मूल स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करत नाही. सही आईबापांना करावी लागते. नुकतंच धावायला लागलेलं, पायरी चढली की मागे वळून हसणारं पोर! त्याचा पाय काढून टाका, असं लिहून द्यायचं. त्या घडीला मनात काय कालवाकालव होत असेल, हे घरात लहान मूल असलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

पण त्या सहीचा अर्थ काय होता, ते पाहा. तो हिशेब असा होता, की पाय जाईल पण मूल राहील. जे गेलं त्याचा आकडा एक आणि जे राखलं त्याचा आकडा अख्खं आयुष्य. स्टीव्ह पुढे जे काम करून जगात नावाजला गेला, ते गोलरक्षकाचं कामही काही वेगळं नाही. काय राखायचं आहे हे नक्की करायचं आणि त्यासाठी जे मोजावं लागेल ते मोजायचं.

सेंट लुईस हे हॉकीवेडं शहर. तिथल्या ब्लूज या व्यावसायिक संघाच्या सामन्यांना १९६७ पासून लोक गर्दी करतात. दिव्यांग मुलांना खेळाची संधी देणारी एक संस्थाही तिथं आहे आणि तिचाही घसरगाडीच्या हॉकीचा संघ आहे. नावात ब्लूज हा शब्द मिरवणाऱ्या या संघात स्टीव्ह आला, गोलजाळीसमोर बसला आणि मग तिथून हललाच नाही.

सोळाव्या वर्षी पहिलं पदक

२००६ साली इटलीतल्या तुरीन शहरात हिवाळी पॅरालिम्पिक झालं. अमेरिकेचा संघ आधीच्या खेपेचा, म्हणजे २००२ चा विजेता. सुवर्ण राखायच्या तयारीनंच तो गेला होता. त्या संघात सोळा वर्षांचा स्टीव्ह होता. आपल्याकडे या वयात मुलं दहावीच्या निकालाच्या धास्तीत असतात! या वेळी मात्र सुवर्ण कॅनडानं नेलं आणि अमेरिकेच्या हाती कांस्य आलं.

पुढची चार वर्षं त्यानं काय केलं, याचं उत्तर व्हँकुव्हरमध्ये मिळालं. २००९ मध्ये अमेरिका जगज्जेती झाली होती. पण व्हँकुव्हरमध्ये यजमान होता कॅनडा आणि गतविजेताही कॅनडाच. अंतिम सामना या दोघांत होणार, असं सगळेच धरून चालले होते. उपांत्य सामन्यात मात्र जपाननं कॅनडाला ३ विरुद्ध १ असं हरवून सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावली. असा हुरूप चढलेला प्रतिस्पर्धी समोर असणं मोठं धोक्याचं.

अमेरिकेनं तो सामना २ विरुद्ध ० जिंकला. पाच सामन्यांत अमेरिकेचे गोल १९, अंगावर झालेले गोल शून्य. स्टीव्हनं ३३ फटके झेलले, तेहेतीसच्या तेहेतीस.

यातला एक हिशेब मला फार बोलका वाटतो. पाच सामने म्हणजे प्रत्येकी ४५ मिनिटं धरून २२५ मिनिटं. त्यात ३३ फटके. म्हणजे सरासरी सात मिनिटांत एक. वाटतं, किती सोपं काम! पण जरा विचार करा. सात मिनिटं काहीच घडत नाही. खेळ दुसऱ्या टोकाला चालू आहे, आपले साथीदार गोल करताहेत, लोक जल्लोष करताहेत. थंडीत अंग आखडतंय, मन भलतीकडे धावतंय. आणि एकाएकी तिघं जण घसरत तुमच्यावर चालून येतात. त्या एका सेकंदात तुम्ही जागे असायलाच हवं. फटके बरसत असताना तर कोणीही सावध राहतं. काहीच घडत नसताना सावध राहणं, हे खरं कठीण.

रात्रभर तापलेल्या मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आईला हे नव्यानं सांगायला नको. सकाळी कोणी विचारलं, 'रात्री काय झालं?' तर ती म्हणते, 'काही नाही झालं.' ते 'काही नाही' व्हावं म्हणून ती किती जागी राहिली, हे तिचं तिलाच ठाऊक! गोलरक्षकाचंही तसंच. गोल करणाऱ्याचं नाव फलकावर लागतं. न झालेल्या गोलावर कोणाचंही नाव लिहीत नाहीत.

त्या वर्षी मात्र लिहिलं गेलं. अमेरिकेत खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या 'एस्पी' या नावाजलेल्या पुरस्कारांत दिव्यांग पुरुष खेळाडूंसाठीचा २०१० चा मान स्टीव्ह कॅशला मिळाला.

एक गोल पुरे

एकदा शिखर गाठणं निराळं आणि तिथं टिकणं निराळं. तोवर कोणत्याही देशाला या खेळात लागोपाठ दोनदा सुवर्ण जिंकता आलं नव्हतं. २०१४ ला रशियातल्या सोचीमध्ये अमेरिका याच ईर्ष्येनं उतरली. रशियाचा संघ पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदाच खेळत होता, पण घरच्या प्रेक्षकांपुढे असा काही उसळून खेळला, की गटातल्या सामन्यात त्यानं अमेरिकेला २ विरुद्ध १ असं हरवलं.

म्हणजे व्हँकुव्हरच्या शून्यावर आता डाग पडला होता. इथं एखादा माणूस खचला असता. अमेरिकेनं उपांत्य सामन्यात कॅनडाला ३ विरुद्ध ० नं नमवलं आणि १५ मार्चला अंतिम सामन्यात पुन्हा तोच रशिया समोर आला.

त्या सामन्यात एकच गोल झाला. तो केला जॉश स्वीनी या माजी सैनिकानं. २००९ साली अफगाणिस्तानात झालेल्या स्फोटात स्वीनीनं दोन्ही पाय गमावले होते. दुसऱ्या डावात त्यानं रशियाच्या खेळाडूंनी एकमेकांकडे दिलेली चकती मध्येच पळवली, एकटा जाळीपर्यंत गेला आणि गोल मारला. १ विरुद्ध ०. आता उरलेला वेळ हा एक गोल राखायचा होता आणि सगळं क्रीडागृह रशियाच्या नावानं गर्जत होतं. स्टीव्हनं तो राखला. रशियाच्या नावापुढे पुन्हा तेच, शून्य! अमेरिकेनं लागोपाठ दुसरं सुवर्ण जिंकून इतिहास घडवला.

शून्य हुकतं तेव्हा

आता तिसरी वेळ. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत कॅनडानं अमेरिकेला ४ विरुद्ध १ असं हरवलं होतं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सोचीच्या विजयाचे सूत्रधार, प्रशिक्षक जेफ सॉअर यांचं निधन झालं होतं. अशा दुखऱ्या मनानं हा संघ २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगच्या पॅरालिम्पिकला गेला.

१८ मार्चला अंतिम सामना. समोर कॅनडा. पहिल्याच डावात कॅनडाच्या बिली ब्रिजेसनं गोल केला. म्हणजे या वेळी शून्य पहिल्याच डावात हुकलं. व्हँकुव्हर आणि सोचीच्या अंतिम सामन्यांत जे घडलं नव्हतं, ते इथं घडलं.

वाचकहो, मला वाटतं, या माणसाची खरी परीक्षा इथं होती. सगळं राखलं जात असतं तोवर राखणं सोपं. एकदा काहीतरी निसटलं की मन म्हणतं, आता काय उरलं? स्टीव्ह मात्र पुढचा गोल होऊ न देण्यासाठी तसाच बसून राहिला, जणू पहिला झालाच नव्हता.

शेवटचं मिनिट आलं. अमेरिकेनं गोलरक्षकालाच बाहेर बोलावलं. या खेळात हरणारा संघ शेवटी असा जुगार खेळतो. गोलरक्षकाच्या जागी आणखी एक हल्ला करणारा पाठवतो आणि आपली जाळी उघडी टाकतो. आयुष्यभर जी जाळी राखली, ती रिकामी सोडून स्टीव्ह बाकावर आला. कॅनडाच्या एका खेळाडूनं त्या रिकाम्या जाळीकडे चकती मारली आणि ती जाळीच्या खांबावर आपटून बाहेर गेली!

त्यानंतर ३७.८ सेकंद उरले असताना वीस वर्षांच्या डेक्लन फार्मरनं गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेत स्टीव्ह पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. त्या वेळात फार्मरनंच दुसरा गोल केला. २ विरुद्ध १. लागोपाठ तिसरं सुवर्ण.

तुरीनचं कांस्य, मग तीन सुवर्णं, शिवाय २००९, २०१२, २०१५ आणि २०१९ अशी चार जागतिक विजेतेपदं. पाय गेलेल्या पोराची ही कमाई.

नावात रोकड, पण...

कमाईवरून आठवलं. कॅश म्हणजे रोकड. आडनाव रोकड असलं तरी या खेळात रोकड फारशी नव्हती. अमेरिकेत ऑलिम्पिकमधल्या सुवर्णासाठी ३७,५०० डॉलरचं बक्षीस होतं, तेव्हा पॅरालिम्पिकमधल्या सुवर्णासाठी होतं ७,५०० डॉलर. तोच देश, तेच राष्ट्रगीत, तसंच पदक आणि किंमत मात्र एकपंचमांश! दोन्ही हातांनी बर्फ रेटणाऱ्याचा घाम काय कमी खारट असतो?

सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या ऑलिम्पिक समितीनं ही तफावत काढून टाकली. दोघांना सारखंच बक्षीस ठरलं आणि प्योंगचांगच्या विजेत्यांनाही फरकाची रक्कम द्यायचं ठरलं. ही मेहेरबानी नव्हती. थकलेलं देणं होतं ते.

बाकावरचा दुसरा माणूस

गोष्ट इथं संपवता आली असती. पण एका माणसाबद्दल सांगायचं राहिलंय.

सोचीत आणि प्योंगचांगमध्ये स्टीव्ह जाळीसमोर असताना बाकावर दुसरा गोलरक्षक होता, जेन ली. मूळचा तैवानमधल्या तैपेईचा. लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत आला, मोठेपणी सैन्यात गेला आणि २००९ च्या मोटारसायकल अपघातात डावा पाय गमावून बसला. संघात दुसरा गोलरक्षक असणं म्हणजे काय, याची कल्पना करा. सराव पहिल्याइतकाच, पहाटेचं उठणं पहिल्याइतकंच. पण खेळायची पाळी येईलच याचा भरवसा नाही.

२०२२ च्या बीजिंग पॅरालिम्पिकला स्टीव्ह कॅश संघात नव्हता. इतकी वर्षं ज्यानं दार राखलं, तो गेल्यावर काय होणार? अंतिम सामन्यात समोर होता तोच कॅनडा. जाळीसमोर बसला जेन ली. निकाल लागला ५ विरुद्ध ०. लागोपाठ चौथं सुवर्ण आणि कॅनडाच्या नावापुढे पुन्हा एकदा शून्य!

मला या निकालात स्टीव्हच्या कारकिर्दीचा सगळ्यात मोठा विजय दिसतो. स्वतः राखलं ते तर खरंच. पण आपल्यामागून येणाऱ्याला, आपण नसतानाही राखता येईल, अशी जागा तो सोडून गेला.

आपल्या घरांत, शेजारीपाजारी, नात्यागोत्यात एखादं मूल असतंच. कोणाचा पाय अधू, कोणाचा हात, कोणाला ऐकू येत नाही. त्याला पाहिलं की आपल्या तोंडून आपसूक निघतं, 'अरेरे, बिचाऱ्याचं काय हे!' आपण लगेच त्याच्याजवळ नसलेल्या गोष्टी मोजायला लागतो. त्याला सहलीला नेत नाही, 'पडेल' म्हणतो. स्नेहसंमेलनात घेत नाही, 'दमेल' म्हणतो. त्याला जपताना आपण जाळी इतकी घट्ट बंद करतो, की त्याला खेळायलाच मिळत नाही. स्टीव्हच्या आईबापांनी त्या कागदावर सही केली, ती मूल उरावं म्हणून. उरलेलं मूल नुसतं घरात बसवून ठेवलं असतं, तर त्या सहीला काय अर्थ राहिला असता?

आमच्या चिरंजीवांनी गोष्ट संपल्यावर थोडा वेळ छताकडे पाहिलं. मग विचारलं, "आई, त्याचा पाय परत आला का गं?"

"नाही रे राजा. पाय परत येत नाही."

"मग त्याला वाईट नाही वाटत?"

"वाटत असेल कधीकधी. पण त्याला दुसरं पुष्कळ काम होतं ना!"

त्यावर तो काही बोलला नाही. सकाळी उठून पाहते, तर स्वारी जमिनीवर फतकल मारून, हातात पट्टी घेऊन बसली होती आणि आजी पलंगावरून त्याच्याकडे बाटलीचं झाकण सरकवत होत्या. "आजी, अजून एक!" चिरंजीव ओरडले. "आतापर्यंत तुझे शून्य!"

दहा शब्दांचं शुद्धलेखन मात्र पुन्हा लिहायचं अजून राहिलंच आहे. पण शून्याची भीती गेली आहे. बाकीचं हळूहळू होईल.